पत्ता : गिरगाव, मुंबई ४

मिरजेला आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, मी सदतीस वर्षं सॉर्टर होतो. रात्रपाळीला खणाखणांच्या लाकडी मांडणीसमोर उभं राहायचं आणि पत्ता वाचून पत्र त्या त्या खणात टाकायचं, एवढंच काम. वाचनाचं वेड त्याच्या आधीपासूनचं, पण नोकरीनं त्या वेडाला एक खोड जोडून दिली. पुस्तक हातात आलं की मी आधी आतल्या पानावरचा प्रकाशकाचा पत्ता वाचतो. खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४. फोर्ट, मुंबई १. दादर, मुंबई २८. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. मी नोकरीला लागलो तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती, तरी आमचे जुने सॉर्टर टपाल विभागांच्या त्या जुन्या एक-दोन आकड्यांतच बोलायचे. दिवाळी अंकांच्या व्ही.पी., म्हणजे पैसे भरून सोडवायची टपालं, सुरू झाल्या की 'मुंबई ४'नं पोती भरायची.

मुंबईला कधी गेलो नाही असं नाही. लग्नं झाली, दवाखाना झाला, एकदा खात्याची परीक्षा झाली. पण हे पत्ते बघायचे राहूनच गेले. २०२४च्या डिसेंबरात परळच्या भाचीनं बोलावलं, तेव्हा सांगून टाकलं, "चौपाटी नको, राणीचा बाग नको. तीन दिवस मला पत्ते बघायचेत." ती म्हणाली, "मामा, तू रिटायर झालास हे तुला कोणी सांगितलंय का?"

गुरुवार, ५ डिसेंबर : मुंबई १

महालक्ष्मीनं रात्री बसलो, सकाळी सीएसएमटी. भाचीचं ऑफिस फोर्टातच, म्हणून बॅग तिच्या हवाली केली आणि समोरच्या 'आराम'मध्ये वडापाव खाऊन आधी जी.पी.ओ.त, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात, गेलो. माणूस देवळात जातो तसा. १९१३ साली पुरी झालेली ही इमारत गोलघुमटावरून सुचलेली. विजापूर आम्हाला शेजारचं, घुमटाचं अप्रूप नाही. पण घुमटाखाली तिकिटं विकताना मी पहिल्यांदाच बघितली. एका खिडकीवरच्या बाईंना सांगितलं, मीही खात्यातला. "कुठलं?" "मिरज आर.एम.एस." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे पावसाळ्यात पोती भिजायची का हो?" भिजायची. दहा मिनिटं आम्ही भिजलेल्या पोत्यांवर बोललो. मागची रांग फार शहाणी होती.

डिसेंबर असूनही घाम फुटत होता. हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत गेलो आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो. तीस पायऱ्या. सिनेमात इतक्यांदा बघितल्यात की ओळखीच्या वाटतात. वरचे ते खांब, टाउन हॉल १८३३चा. संस्था त्याच्याही आधीची, १८०४ची. दारावरच्या माणसानं विचारलं, "मेंबर?" म्हटलं, नाही, बघायला आलोय, लांबून आलोय. त्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि फोटो काढायला परवानगी लागते एवढं बजावलं. आत संगमरवरी पुतळे आहेत, त्यांत नाना शंकरशेटही. लाकडी जमीन पावलागणिक बोलते, म्हणून सगळे आपोआप हळू चालतात. दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित याच संस्थेकडे आहे. ते अर्थातच असं कुणालाही काढून दाखवत नाहीत आणि मी विचारलंही नाही.

मला बघायची होती ती एक खुर्ची. कुठली ते माहीत नव्हतं. १९७५ साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कराडच्या साहित्य संमेलनात अगदी मागे, मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. आणीबाणी चालू होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. आणि अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. त्यांनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली. मी आधीच उभा होतो, त्यामुळे माझं धैर्य कुणाला दिसलं नाही. पण तेव्हापासून ही बाई एवढं बळ आणते कुठून, हा प्रश्न डोक्यात होता. पुढे वाचलं की त्यांचा दिवस एशियाटिकमध्ये पुस्तकांत जायचा. तर ती ही जागा. उंच खिडक्या, लांब टेबलं, पंख्याचा आवाज. एका टेबलाशी एक मुलगी लॅपटॉपशेजारी जाडजूड ग्रंथ उघडून बसली होती आणि पान उलटताना दोन्ही हात वापरत होती. मी तिथे अर्धा तास बसलो. काही वाचलं नाही.

बाहेर आलो तर फोर्टात पोलीसच पोलीस. आझाद मैदानावर संध्याकाळी नव्या सरकारचा शपथविधी, रस्ते अडवलेले. तरी चर्चगेटच्या अंगाला, फ्लोरा फाउंटनपाशी, फुटपाथवरची पुस्तकं मांडलेली होती. पूर्वी इथे पुस्तकांची भिंतच असायची म्हणतात. आता तुकडे राहिलेत. त्यात बहुतेक इंग्रजी, परीक्षांची, श्रीमंत कसं व्हावं वगैरे. मराठीचा ढीग मागे, प्लास्टिकखाली. त्यातून एक कादंबरी निघाली. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, गोष्ट थेट पान ५वर. म्हणजे नेमका पत्त्याचाच कागद गेलेला.

"कितीला?"

"कव्हर नाही काका, वीस द्या."

वीस रुपयांना कोण तपासतंय! पण सवयीनं चाळली. वाचनालयाची पुस्तकं ओळखायची एक खूण असते. शिक्का पहिल्या पानावर असतोच, पण आत ठरलेल्या एका पानावरही मारतात, पहिलं पान फाडून पुस्तक लांबवणाऱ्यासाठी. हिच्या पान ५१वर तो होता. नाव पुसट झालेलं, फक्त '…वाचनालय, गिरगांव, मुंबई ४' वाचता येत होतं. आणि पान ११२वर खूण म्हणून एक पोस्टकार्ड.

दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, पत्ता तेवढा वाचायचा, हा आमचा धर्म. पण हे छापील होतं. 'आपणाकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. कृपया त्वरित परत करावे. विलंब आकार दररोज ५ पैसे.' तारीख शाईनं भरलेली, १४ जुलै १९७१. पत्ता गिरगावातल्याच एका चाळीचा, खोली नंबरासकट, पिनकोडाशिवाय. म्हणजे पुस्तक परत कर असं सांगणारं कार्ड घरी आलं, आणि त्या वाचकानं तेच खुणेसाठी त्याच पुस्तकात घातलं!

रस्त्याच्या कडेला उभं राहून हिशोब केला. साडेएकोणीस हजार दिवस, पाच पैशांनी नऊशे पंचाहत्तर रुपये.

किताबखान्यात जाऊन मराठीचं कपाट बघितलं आणि गार हवेत घाम वाळवला. २०२०च्या डिसेंबरात तिथे आग लागली होती, दुसऱ्या वर्षी दुकान पुन्हा उघडलं. आता कुठे काही जाणवत नाही. जवळच्या 'स्ट्रँड'ची मात्र आठवण झाली. १९४८पासूनचं ते दुकान २०१८ साली बंद झालं. मला तिथे कधी जाता आलं नाही, पण त्यांच्या सवलतीच्या दरांच्या गोष्टी आमच्या मिरजेपर्यंत यायच्या. स्टेशनकडे जाताना एका हवालदारानं पिशवी उघडायला लावली.

"काय आहे?"

"पुस्तकं."

"आणि खाली?"

"खाली पण."

त्यानं खालचंही पुस्तक काढलं, दोन पानं उलटली. वाचत होता की तपासत होता, कळलं नाही.

फोर्टात जाणार असाल तर : एशियाटिकला सकाळीच जा, आणि रविवार धरू नका. फुटपाथवर घेताना मधले फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, आणि शेवटचं पान नक्की बघा. पहिली पानं गेलेली चालतात, शेवटचं गेलं तर रात्रभर झोप लागत नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर : मुंबई २८ आणि १४

भाची म्हणाली, आज दादरला जाऊ नकोस, पाय ठेवायला जागा नसेल. मी म्हटलं, म्हणूनच.

परळहून चालतच निघालो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सगळीकडून शिवाजी पार्काकडे चालली होती. डोक्यावर पिशव्या, कडेवर मुलं, हातात निळे झेंडे. चैत्यभूमीची रांग कुठून सुरू होते ते शोधण्यातच तास गेला. ती नंतरही तितकीच लांब असणार होती म्हणून मी आधी मैदानातल्या स्टॉलांकडे वळलो.

पुस्तकांची एवढी गर्दी मी आयुष्यात पाहिलेली नाही. साहित्य संमेलनं पाहिलीत, ग्रंथजत्रा पाहिल्यात. तिथे माणसं पुस्तक हातात घेतात, किंमत बघतात, 'छान आहे' म्हणून ठेवतात. इथे खालच्या कप्प्यातली पैशांची पुरचुंडी सुटते. फुल्यांची, बाबासाहेबांची, बुद्धाची, संविधानाची पुस्तकं, दहा रुपयांच्या पुस्तिकांपासून जाडजूड खंडांपर्यंत. राज्य सरकारनं १९७९पासून काढलेले, वसंत मून यांनी संपादनाला सुरुवात केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड जिथे होते, तिथे तर हात लांब करून पुस्तक मागावं लागत होतं.

माझ्या शेजारी हिंगोलीकडच्या एक बाई होत्या, साठीच्या. सोबत नात, आठवी-नववीतली. बाईंनी एक पुस्तक उचललं, उलटं धरलेलं. नातीनं सरळ करून दिलं.

"हे काय लिवलंय?"

नातीनं नाव वाचलं.

"आन् हे?"

तेही वाचलं. असं सहा-सात पुस्तकांचं झालं. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला कुठलं पाहिजे?"

"मले कशाचं? मले वाचता येत न्हाई." त्यांनी नातीकडे बोट केलं. "हिचं वाचून होईस्तोर पुरलं पायजे वर्षभर. म्हून जाड घेते."

शेवटी तीन घेतली, सगळ्यांत जाड तीन. पैसे मोजताना नोटा दोनदा मोजल्या. माझी सगळी वाचनाची मिजास त्या बाईंच्या जाडीच्या हिशोबापुढे कुठे ठेवावी कळेना, म्हणून मी त्यांच्या पिशवीचं एक टोक धरून रस्त्यापर्यंत पोचवलं. वाटेत एका मंडळानं तिघांच्याही हातात खिचडीची द्रोण-पत्रावळ ठेवली. गरम होती, मीठ कमी होतं, दुसऱ्यांदा घेतली.

दुपारी पूल ओलांडून पूर्वेला, हिंदू कॉलनीत. राजगृह. बाबासाहेबांनी हे घर बांधलं तेव्हा पुस्तकांना जागा हवी हाच मोठा विचार होता. घर म्हणजे कपाटांभोवती भिंती. तिथेही रांग होती. उन्हात पाऊण तास उभा राहिलो आणि मग गुडघ्यानं राजीनामा दिला. समोरच्या कट्ट्यावर बसून बाहेरूनच बघितलं. रांगेतली पोरं पुस्तकांचे गठ्ठे उशाला घेऊन सावलीत झोपली होती.

परत पश्चिमेला येऊन छबिलदासच्या गल्लीत 'आयडियल'मध्ये शिरलो. वर्षानुवर्षं याद्या मागवायचो ते दुकान, आणि आत गेलो तर हातात यादीच नाही. लहान मूल मिठाईच्या दुकानात उभं राहतं तसा नुसता उभा राहिलो. दोन पुस्तकं घेतली. नंतर पणशीकरांकडे पियूष.

सहा डिसेंबरला दादरला जायचं तर हे ध्यानात ठेवा : पाण्याची बाटली, साध्या चपला, सुटे पैसे. पिशवी कापडी न्या, दोन न्या. आणि परतीच्या गाडीची वेळ त्या दिवशी संध्याकाळची ठेवू नका.

शनिवार, ७ डिसेंबर : मुंबई ४

ज्यासाठी आलो तो दिवस. कादंबरी आणि कार्ड वरच्या खिशासारख्या कप्प्यात वेगळं ठेवलं.

चर्नी रोडला उतरल्याबरोबर शेजारची बाग. शाळकरी भीमराव इथे वाचत बसायचे आणि केळुसकर गुरुजी त्यांना इथेच भेटले. रोज बागेत वाचत बसणारं पोर कोणाचं, म्हणून गुरुजींनी चौकशी केली. १९०७ साली मॅट्रिक झाल्याच्या सत्काराला त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. काल शिवाजी पार्कात जे लाखो लोक बघितले त्यांची एक वाट या बागेतून गेलेली आहे, एका मास्तरानं दिलेल्या पुस्तकावरून. बाकावर आता दोन पोरं मोबाइलवर काहीतरी बघत होती. केळुसकरांसारखं वाकून विचारावंसं वाटलं. धीर झाला नाही.

गिरगावात भुयारी मेट्रोच्या कामानं रस्ते अडलेले, पत्र्यांच्या भिंती. ठाकूरद्वाराशी 'विनय'मध्ये मिसळ. आम्हा मिरज-कोल्हापूरकडच्यांना मुंबईची मिसळ म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. तरीही सांगतो, मटकी शिजवली सुरेख होती. याच ठाकूरद्वारात १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, पुढे ते दादरला मोठं झालं. आणि मॅजेस्टिक सिनेमाही गिरगावचाच, देशातला पहिला बोलपट १९३१ साली लागला तो. त्या सिनेमाच्या नावावरून आलेलं पुस्तकाच्या दुकानाचं नाव आम्ही व्ही.पी.वर वाचायचो आणि मला बरीच वर्षं वाटायचं, मालक कोणी साहेब असणार.

खटाववाडी. पत्ता वाचून मी डोक्यात एक मोठी, मोकळी, झाडांची वाडी बांधली होती. प्रत्यक्षात दोन माणसं आणि एक स्कूटर एकदम जाणार नाही अशी गल्ली. वर वाळत घातलेले कपडे, खाली मांजर, कुठूनतरी फोडणीचा वास. 'मौज' इथून निघायची, 'सत्यकथा' मासिक इथून निघायचं. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, त्यांतली काही आमच्या खणांतूनही गेली असणार. आणि इथेच १९६९ साली, राजा ढाले ज्यांच्यात होते त्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. एवढ्याशा गल्लीत! छापणारे खिडकीतून बघत असतील, जाळणारे खाली, मध्ये दहा-पंधरा फूट. अंक आवडला नाही म्हणून माणसं एवढी चिडत होती. आता आवडला नाही तर कोणी जाळतही नाही.

मग ते वाचनालय.

तीन वाण्यांना, एका इस्त्रीवाल्याला आणि एका औषधाच्या दुकानात विचारलं. कार्डावरची चाळ सापडली, म्हणजे तिची जागा सापडली. तिथे काचांचा बावीस-पंचवीस मजली टॉवर उभा आहे, खाली गाड्यांचे तीन मजले. वॉचमन बिहारचा होता. त्यानं खोली नंबर बघितला आणि प्रामाणिकपणे इंटरकॉमची यादी तपासली. सत्तावीस नंबरची खोली त्या यादीत कशी असेल!

समोरच्या, अजून उभ्या असलेल्या चाळीच्या जिन्यापाशी एक आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांच्या हातात कादंबरी दिली. त्यांनी आधी वास घेतला, मग पान ५१ काढलं. शिक्का बघायचा तर कुठल्या पानावर बघायचा हे त्यांना माहीत होतं.

"ही आमच्या खालची लायब्ररी. तळमजल्यावर होती. पाच रुपये डिपॉझिट, महिना दीड रुपया. मालक एका पायानं अधू होते, पण पुस्तक बुडवलं तर चौथ्या मजल्यावर चढून यायचे."

"बंद कधी झाली?"

"टीव्ही आला आणि झाली. पुस्तकं रद्दीवाल्यानं हातगाडीवरून नेली. दोन खेपा. मी गॅलरीतून बघत होतो." त्यांनी कार्ड उलटसुलट केलं, पत्त्यावरचं नाव वाचलं आणि हसायला लागले. "हा? हा कसला वाचतोय! हा लायब्ररीत यायचा मालकांच्या मुलीसाठी."

ते नाव मी इथे लिहीत नाही. पुढे काय झालं तेही आजोबांनी सांगितलं. लग्न झालं, पण दुसऱ्या कोणाशी तरी, दोघांचंही.

"नऊशे पंचाहत्तर रुपये होतात," मी म्हटलं.

"मालक असते तर घेतले असते," आजोबा म्हणाले, आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "तुम्हीच ठेवा. माझे डोळे आता पेपरापुरतेच."

गिरगावात जाताना : चाळींतून आत शिरताना आवाज देऊन, कोणीतरी दिसलं की कारण सांगून मगच जा. कारण सांगितलं की चहा मिळतो. काही वाड्यांचं काम चालू आहे, पुढच्या वेळेला त्या असतील असं धरून चालू नका.

रात्री महालक्ष्मी. भाचीनं घडीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली होती. तिला खटाववाडीचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "मामा, यात नुसता एक जिना आणि मांजर आहे." मी म्हटलं, "हो."

खालचा बर्थ होता. कल्याण गेल्यावर कादंबरी काढली. पान ५पासून सुरुवात केली. गिरणीतल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, गोष्ट, बरी चालली होती. कर्जतला गाडीला मागून इंजिन लावतात तोवर पान ११२वर पोचलो, कार्डापाशी. कार्ड बाजूला ठेवलं, पान उलटलं तर उलटेना. बघतो तर पुढची पानं वरच्या कडेला जोडलेली. फर्मा कापलेलाच नव्हता. म्हणजे छापल्यापासून, वाचनालयात असताना, टीव्ही आल्यावर, हातगाडीवर, फुटपाथवर, एवढ्या वर्षांत ११२च्या पुढे कोणी गेलंच नव्हतं. तो तरी कसा जाणार, त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

समोरच्या बर्थवर साताऱ्याचं एक कुटुंब पेरू कापत होतं. मी म्हटलं, "जरा सुरी मिळेल का?"

"सुरी कशाला? फोड घ्या की आजोबा," बाई म्हणाल्या आणि मीठ-तिखट लावून पुढे केली.

फोड खाल्ली. मग सुरी घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली असती पण मी पँट घालतो, म्हणून रुमालाला पुसली, आणि वरच्या दिव्याच्या उजेडात, गाडी हलते त्या बेतानं, पान ११३ कापायला घेतलं. समोरचं पोरगं खायचं थांबून बघत होतं.